न पसरणारा प्रकाशझोत आणि एकाच जागी ऐकू येणारा आवाज : विज्ञान दिनासाठी जुळणी कशी करावी?

पूर्णाकाठ (परभणी)

नमस्कार मंडळी. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी बीएस्सी तृतीय वर्षाच्या सहा मुलांना एकच प्रकल्प द्यायचा आहे, पण दोन भागांत. पहिला भाग : लेझरचा असा बारीक झोत, जो पुढे गेला तरी पसरत नाही. दुसरा : ४० किलोहर्ट्झच्या डब्यांचा (कानाला ऐकू न येणारी लाट सोडणाऱ्या बारक्या ट्रान्सड्यूसरांचा) स्पीकर, जो समोरच्या एकालाच ऐकू येतो, शेजारच्याला नाही. दोन्ही प्रयोग एकाच टेबलावर ठेवायचे, म्हणजे प्रकाश असो की आवाज, लाटेचं गणित एकच, हे मुलांना डोळ्यांनी आणि कानांनी कळेल.

बजेट दोन्ही मिळून ८ हजार. प्रयोगशाळेत २० मेगाहर्ट्झचा दोन चॅनलचा ऑसिलोस्कोप आहे, ५ मिलिवॉटचा हिरवा लेझर आहे, ३०० मिमी नाभीय अंतराची चांगली बहिर्वक्र भिंगं आहेत. ॲक्सिकॉन (शंकूच्या आकाराचं भिंग) नाही आणि या पैशात येणारही नाही. कुठे अडेल ते आधीच सांगा.

तरंगवेडा

सर, आधी शब्द नीट करू, कारण मुलं प्रेक्षकांना हेच वाक्य सांगणार आहेत. 'न पसरणारा झोत' नसतो. मर्यादित रुंदीच्या उगमातून निघालेली प्रत्येक लाट पसरते. बेसेल झोतात होतं असं की शंकूच्या आकारात तिरके येणारे किरण अक्षावर एकमेकांना छेदतात आणि छेदतील तिथे मधोमध तेजस्वी ठिपका तयार होतो. ठिपका जागच्या जागी राहतो, पण त्यातला प्रकाश सतत बदलत असतो. शंकू संपला की ठिपकाही संपला. त्याची लांबी तुम्ही भिंगावर किती रुंदी वापरता त्यावर ठरते.

साधा गॉसियन झोत (नेहमीच्या लेझरचा, कडेकडे मंद होत जाणारा) घ्या. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश, कंबरेची (झोताच्या सर्वात बारीक जागेची) त्रिज्या २३ मायक्रॉन. अशा झोताची रॅले लांबी निघते जेमतेम ३ मिमी. म्हणजे ३ मिमी पुढे जाताच तो १.४ पट रुंद. खाली जी जुळणी सांगतोय तिच्यात तेवढाच बारीक ठिपका ३० सेंमीपेक्षा जास्त टिकतो. हा शंभरपटीचा फरक मुलांनी मोजून दाखवला तर प्रकल्प तिथेच जिंकला.

ॲक्सिकॉन नको. १९८७ साली रोचेस्टर विद्यापीठात डर्निन आणि सहकाऱ्यांनी केलेला मूळ प्रयोगही ॲक्सिकॉनशिवायच होता : गोल बारीक फट, आणि तिच्यापासून बरोबर नाभीय अंतरावर भिंग. तेच करा.

फटीचं कड्याचं चित्र असं काढा. मध्यव्यास ५ मिमी, फटीची रुंदी ५० मायक्रॉन, बाकी सगळं काळं. व्हेक्टर फाइलच द्या, फोटो देऊ नका, नाहीतर कडा दातेरी येतात. बऱ्याच ऑफसेट छापखान्यांनी फिल्म बंद करून थेट प्लेट सुरू केली आहे, पण स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांकडे आणि पीसीबी बनवणाऱ्यांकडे अजून फिल्म निघते. २४०० डीपीआयवर एक ठिपका १०.६ मायक्रॉनचा, म्हणजे फटीत पाचेक ठिपके बसतात. एकाच पानावर ४०, ५० आणि ७० मायक्रॉनच्या दहा-दहा चकत्या छापून घ्या, पैसे तेवढेच लागतात. घरच्या लेझर प्रिंटरवर ट्रान्सपरन्सी काढू नका. टोनरचा काळा भाग प्रकाश गाळतो आणि मध्यभागी जे दिसतं ते या गळतीचंच असतं.

फिल्म आली की भिंगाखाली उजेडात धरून बघा. काळ्या भागात सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतातच, ती ओएचपी मार्करने बुजवा. मग चकती सूक्ष्मदर्शकाच्या दोन काचपट्ट्यांमध्ये दाबून बसवा, नाहीतर फिल्म वाकते आणि कडं लंबगोल होतं.

लेझरचा झोत आधी मोठा करा. लेझर मॉड्यूलमधली ५ मिमी नाभीय अंतराची बारकी लेन्स, तिच्यापासून ६५ मिमीवर ६० मिमीची लेन्स. १ मिमीचा झोत १२ मिमीचा होतो. झोत समांतर आहे का हे १ मीटरवर आणि ५ मीटरवर भिंतीवरचा व्यास मोजून ठरवा. दोन्हीकडे सारखा आला म्हणजे झालं. त्यापुढे फट, तिच्यापासून ३०० मिमीवर मोठं भिंग, आणि भिंगाच्या पुढे बेसेल झोत.

आता आकडे. शंकूचा कोन २.५ भागिले ३००, म्हणजे ०.००८३ रेडियन. पहिल्या काळ्या वलयाची त्रिज्या ०.३८३ गुणिले तरंगलांबी भागिले कोन, म्हणजे साधारण २४.५ मायक्रॉन. ५० मायक्रॉनच्या फटीतून निघालेला प्रकाश भिंगावर ३.२ मिमी त्रिज्येपर्यंत पसरतो. त्याला कोनाने भागा, ३८ सेंमी येतं. शेवटचा भाग फिका असतो, म्हणून ३० ते ३५ सेंमी धरा. फट जितकी बारीक तितका झोत लांब, पण तितकाच अंधुक.

कथील

तरंगवेडा यांनी सगळं नीट सांगितलंय. कॅमेऱ्याबद्दल भर घालतो, कारण एवढा बारीक ठिपका पडद्यावर डोळ्याने बघून काही कळत नाही.

रास्पबेरी पायचा दुसऱ्या आवृत्तीचा कॅमेरा घ्या, त्यात सोनीचा आयएमएक्स२१९ सेन्सर आहे, एक पिक्सेल १.१२ मायक्रॉनचा. पुढची लेन्स फिरवून काढून टाका, उघडा सेन्सर थेट झोतात धरा. ४९ मायक्रॉनचा मधला ठिपका ४४ पिक्सेल भरतो, वलयं ३२ मायक्रॉनच्या अंतराने. एकदम स्वच्छ दिसतं. ऑटो एक्स्पोजर बंदच ठेवा. मधला ठिपका पांढरा फटक आला की सेन्सर भरून गेलाय, त्या चित्रावरून व्यास मोजला तर दुप्पटही येऊ शकतो. हिस्टोग्राममध्ये सर्वात तेजस्वी पिक्सेल २०० च्या आसपास राहील एवढं एक्स्पोजर कमी करा, तरी जमलं नाही तर दोन पोलरॉइड लावून त्यातलं एक फिरवत प्रकाश कमी करा.

एक सावधगिरी. स्वस्त हिरव्या लेझरमधून ८०८ आणि १०६४ नॅनोमीटरचं अवरक्तही गळतं, आत फिल्टर नसेल तर. कॅमेऱ्याची लेन्स काढली की बहुतेक वेळा तिच्यासोबत अवरक्त फिल्टरही निघतो, मग चित्रात जास्तीची धूसर झाक दिसते. सीडीवरून झोत परावर्तित करून त्या उघड्या सेन्सरने बघा. हिरव्याच्या बाहेर वेगळ्या कोनात आणखी ठिपका दिसला तर लेझरपुढे अवरक्त अडवणारी काच लावल्याशिवाय मुलांच्या हाती देऊ नका. डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशात पापणीही मिटत नाही. झोताची उंची बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या पातळीवर येणार नाही अशी ठेवा, आणि झोताच्या शेवटी काळा पुठ्ठा हवाच.

दुसरं, हे हिरवे लेझर उष्णतेत बिघडतात. फेब्रुवारीअखेर दुपारी हॉलमध्ये पत्र्याखाली ३५ च्या पुढे गेलं की शक्ती वरखाली होते, झोताचा आकारही बदलतो. ॲल्युमिनियमच्या जाड तुकड्यात लेझर घट्ट बसवा आणि १० मिनिटं चालू ठेवूनच मोजा. मोजमाप सकाळीच उरका.

पूर्णाकाठ (परभणी)

फार उपयोगी. दोन शंका. ५ मिलिवॉटपैकी ठिपक्यात किती उरतो? आणि जुळणी चुकली हे चित्रावरून कसं ओळखायचं?

तरंगवेडा

किती उरतो ते ऐकून मुलं नाराज होतील, पण खरा धडा तोच आहे. १० ते १२ मिमीच्या झोतातून कड्याच्या फटीएवढाच भाग पुढे जातो, म्हणजे साधारण १ टक्का. ५ मिलिवॉटचे झाले ५० मायक्रोवॉट. त्यापुढे बेसेल झोताच्या प्रत्येक वलयात मधल्या ठिपक्याएवढीच ऊर्जा असते, आणि ३.२ मिमीत अशी शंभरेक वलयं बसतात. म्हणून ठिपक्यात अर्धा मायक्रोवॉट. कॅमेऱ्याला तेवढं भरपूर झालं.

चित्र वाचायचं असं. वलयं एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पुसट दिसली तर लेझर कड्याच्या मध्यावर नाही, फट सरकवा. मधला ठिपका फुटून चार टोकांची चांदणी झाली तर भिंग तिरकं आहे, अक्षाला काटकोनात आणा. कॅमेरा पुढेमागे सरकवताना ठिपक्याचा आकारच वाढत किंवा घटत गेला तर फट भिंगाच्या नाभीवर नाही. दोन-चार मिमीची चूक चालते, १५-२० मिमीची चालत नाही. आणि मध्यभागी ठिपक्याऐवजी नुसता धुरकट डाग असेल तर फिल्म गळतेय.

एक सुंदर प्रात्यक्षिक यातूनच निघतं. अर्ध्या मिमीची सुई झोताच्या बरोबर मधोमध आडवी धरा. लगेच मागे ठिपका नाहीसा होतो, पण ३० मिमी पुढे गेलं की पुन्हा जसाच्या तसा उभा राहतो. सुईची निम्मी जाडी भागिले कोन, एवढंच गणित. बाहेरून येणारे तिरके किरण सुईला वळसा न घालता शेजारून पुढे येतात आणि अक्षावर भेटतात. प्रेक्षकांना आधी सुई दाखवा, मग कॅमेरा हळूहळू मागे घ्या. पहिली १० मिमी अंधार, मग वलयं आत आत सरकताना दिसतात आणि मग मधला ठिपका पेटतो. हे पडद्यावर मोठं करून दाखवलं तर शाळेतली पोरंसुद्धा खिळून राहतील.

औंढेकर

धागा वाचतोय. आमच्या औंढा नागनाथला लायगो-इंडियाचं (गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेचं) काम सुरू आहे, ४ किलोमीटरच्या दोन भुजा. मग तिथे असा बेसेल झोत का वापरत नाहीत? पसरला नाही तर आरसे लहान चालतील ना?

तरंगवेडा

फार चांगला प्रश्न, आणि या प्रकल्पात तक्ता लावायला हिंगोली जिल्ह्याचं उदाहरण घरचंच आहे.

शेवटची ओळ आधी : बेसेल झोताचा ठिपका लहान असला तरी त्याला जगवणारी वलयं मोठीच लागतात. ४ किलोमीटर टिकणारा बेसेल झोत हवा तर वलयंही आरशावर मावली पाहिजेत. आरसा लहान होत नाही, उलट बहुतांश प्रकाश मधल्या ठिपक्याबाहेर जातो. लायगोला आरशाच्या पृष्ठभागावर एकसारखा पसरलेला झोत हवा असतो, कारण मोठ्या ठिपक्यात आरशाच्या कणांची उष्णतेने होणारी थरथर सरासरीत दबते.

अमेरिकेतल्या प्रगत लायगोचे आकडे घ्या, औंढ्याची यंत्रणा त्याच आराखड्याची आहे. लेझर १०६४ नॅनोमीटर, भुजेत कंबरेची त्रिज्या १२ मिमी. रॅले लांबी ४२५ मीटर. कंबर साधारण मधोमध, म्हणजे आरसा सुमारे २००० मीटरवर. २००० भागिले ४२५ चा वर्ग करा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ घ्या : ४.८. गुणिले १२, म्हणजे आरशावर ५.८ सेंमी त्रिज्या. दोन्ही टोकांच्या आरशांवर प्रत्यक्षात साधारण एवढाच झोत असतो आणि आरसा ३४ सेंमी व्यासाचा, ४० किलोचा. मुलांना कॅल्क्युलेटर देऊन हे प्रेक्षकांसमोर करायला लावा.

दुधना (जालना)

आता आवाजाकडे येते. पूर्णाकाठ सर, तुमचा दुसरा भाग जास्त फसवा आहे, कारण चालला की नाही हेच नीट कळत नाही.

तत्त्व एवढंच : झोताची रुंदी तरंगलांबीच्या किती पट आहे. १ किलोहर्ट्झच्या आवाजाची लांबी २५ अंशाला ३४.६ सेंमी. वीतभर स्पीकरमधून तो चहूकडे जाणार. ४० किलोहर्ट्झची लांबी ८.६६ मिमी. १५ सेंमीच्या पॅनेलमधून ती निघाली की अक्षापासून ४ अंशावर पहिली शून्य जागा येते, निम्मी शक्ती तर १.७ अंशातच. १ किलोहर्ट्झला एवढाच अरुंद झोत हवा असेल तर स्पीकर ४० पट मोठा लागेल, म्हणजे ६ मीटर व्यासाचा.

म्हणून श्राव्य आवाज ४० किलोहर्ट्झच्या पाठीवर बसवायचा. लाट तीव्र असली की हवा अगदी सरळ रेषेत वागत नाही, दाबाचा भाग किंचित वेगाने पळतो आणि वाटेतच हवेतून श्राव्य आवाज सुटा होतो. वेस्टरव्हेल्टने १९६३ साली हे पाण्यासाठी मांडलं, बर्कटेने १९६५ साली गणित पुढे नेलं, आणि १९८३ साली योनेयामा आणि सहकाऱ्यांनी त्यातून हवेत चालणारा स्पीकर केला.

बर्कटेच्या गणितात तुमच्या सगळ्या अडचणी आहेत. मिळणारा आवाज लाटेच्या बाह्यरेषेच्या (तिच्या उंचीच्या चढउताराच्या) वर्गाच्या दुसऱ्या अवकलजाइतका. यातून दोन गोष्टी निघतात. एक, वारंवारता निम्मी केली की आवाज १२ डेसिबलने पडतो. म्हणून तबला, ढोलकी ऐकवायला जाऊ नका, काही येणार नाही. बासरी, शिट्टी, बाईच्या आवाजातलं निवेदन घ्या, आणि ५०० हर्ट्झखालचं सगळं आधीच कापून टाका. दोन, वर्गामुळे दुप्पट वारंवारतेचा भेसूर सूर मिसळतो. मॉड्युलेशन (आवाजाने लाटेची उंची किती हलते ते) ८० टक्के ठेवलं तर तो भेसूर सूर मूळ सुराच्या ८० टक्के निघतो, २५ टक्के ठेवलं तर २५. आवाज मोठा करायच्या नादात लोक मॉड्युलेशन वाढवतात आणि मग शब्द कळत नाहीत म्हणून डब्यांना दोष देतात. बाह्यरेषेचं वर्गमूळ आधीच घ्यायचा उपाय पुस्तकात सांगतात, पण त्याला रुंद पट्टा लागतो, आणि या डब्यांचा पट्टा जेमतेम २ किलोहर्ट्झचा. तुम्ही मॉड्युलेशन कमीच ठेवा.

कथील

ताईंच्या मुद्द्याला धरून सर्किट सांगतो.

डब्या ६१ घ्या, १६ मिमीच्या, सगळ्या प्रेषक. मधोमध १, मग ६, १२, १८, २४ अशी मधमाशीच्या पोळ्यासारखी मांडणी. दोन केंद्रांत १६.५ मिमी. पॅनेल १५ सेंमीचं होतं. ७० मागवा, कारण छाटणीत काही जातात.

वाहक लहर टीएल४९४ या पल्स बनवणाऱ्या चिपवर. ४० किलोहर्ट्झला १ नॅनोफॅरड कपॅसिटर आणि साडेसत्तावीस किलोओहम लागतो. २२ किलो स्थिर आणि १० किलोचा बहुफेरी प्रीसेट लावा, म्हणजे डब्यांच्या खऱ्या अनुनादावर नेमकं बसवता येईल. १३ नंबरची पिन जमिनीला. पुढे आयआर२१०४ ही ड्रायव्हर चिप आणि दोन आयआरएफ५४०एन मॉस्फेट यांचा अर्धा पूल, पुरवठा १२ व्होल्ट. आउटपुटला ४.७ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर, डब्यांवर डीसी जाता कामा नये.

सगळ्यात जास्त फसते ती जागा म्हणजे ड्युटी सायकल, म्हणजे एका आवर्तनात पल्स किती वेळ चालू राहते ते. पल्सच्या रुंदीने आवाज बसवताना मूळ लहरीची उंची ड्युटी गुणिले १८० अंश याच्या साइनप्रमाणे बदलते. ५० टक्क्यांवर ती शिखरावर असते. तिथे बायस (आवाज नसतानाची ड्युटी) ठेवला तर रुंदी वाढली तरी उंची कमीच होते आणि घटली तरी कमीच. मग मूळ सूर गायब, फक्त दुप्पट वारंवारता. बायस २५ टक्क्यांवर ठेवा आणि आवाजाने ड्युटी १७ ते ३३ च्या मध्येच हलू द्या. साइनचं गणित केलं तर मॉड्युलेशन बरोबर पाव येतं, ताईंना हवं तेवढं.

प्रत्येक डबीची धारिता साधारण २.४ नॅनोफॅरड. ६१ मिळून दीडशे नॅनोफॅरडच्या घरात. थेट जोडलं तर प्रत्येक कडेला मॉस्फेटमधून टोकदार प्रवाह जातो आणि ते तापतात. १०-१० चे गट करून प्रत्येक गटाला १० ओहम, १ वॅटचा रोधक मालेत लावा, एकसष्टावी डबी शेवटच्या गटात. एका गटात १२ व्होल्टला ०.१४ वॅट जळतो, रोधक निवांत राहतो. गटाची तार सुटली तर कुठली तेही पटकन कळतं.

डब्यांचं पोलॅरिटी चिन्ह डोळे झाकून मानू नका. एक डबी ग्राहक म्हणून ठरावीक अंतरावर पक्की बसवा, समोर एकेक डबी सारख्याच जागी लावत जा. ऑसिलोस्कोपचा एक चॅनल ड्राइव्हवर, दुसरा ग्राहकावर. जिची लहर बाकीच्यांच्या उलट दिसते तिच्या मूळ चिन्हावर काट मारून दुसऱ्या पायाला लाल ठिपका द्या. त्याच वेळी लहरीची उंचीही लिहून ठेवा. जिची उंची निम्म्याच्या खाली, ती बाजूला काढा.

मांजरा_लातूर

दुधनाताई, हे आमच्या गावच्या सप्ताहाला वापरता येईल का? मंडपाच्या शंभर मीटरच्या आत दवाखाना आहे. कीर्तन मंडपात ऐकू जावं, दवाखान्यात नको.

दुधना (जालना)

दादा, ४० किलोहर्ट्झचं पॅनेल त्या कामाचं नाही. ते एका-दोघांसाठी असतं, आणि पखवाज, टाळ यांचा जीव त्यात येतच नाही. पण तुमची गरज खरी आहे आणि तिला साधं उत्तर आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत दवाखान्याभोवतीचं १०० मीटर शांतता क्षेत्र आहे, दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०, आणि रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. त्यात बसायचं तर भोंगा आधी खाली उतरवा.

त्याऐवजी कॉलम स्पीकर : ६ इंची ८ स्पीकर एकाखाली एक, लांबी १.२ मीटर. आडव्या दिशेने तो रुंद पसरतो, उभ्या दिशेने १ किलोहर्ट्झला १७ अंशातच पहिली शून्य जागा. तळ २ मीटर उंचीवर, तोंड ५ ते ७ अंश खाली, शेवटच्या रांगेकडे. म्हणजे आवाज माणसांत मुरतो, मंडपावरून पुढे जात नाही. तोंड दवाखान्याकडे नको, पाठ करा. मंडप लांब असेल तर पहिल्या कॉलमचा आवाज वाढवू नका. २५ मीटरवर दुसरी जोडी लावा आणि तिला ७२ मिलिसेकंद अधिक १० ते १५ उशीर द्या. तेवढ्या उशिराने माऊलींचा आवाज व्यासपीठावरूनच आल्यासारखा वाटतो. उशीर न देता लावलं की अभंगाचे शब्द एकमेकांवर चढतात.

मर्यादाही ऐका. २५० हर्ट्झच्या खाली हा कॉलम काही दिशा देत नाही, कारण लाटच १.४ मीटरची. पखवाजाचा धुमा सगळीकडे जाणारच, मिक्सरवर कीर्तनकाराच्या माइकला १५० हर्ट्झखाली कट द्या आणि पखवाजाचा माइक शक्यतो लावूच नका. आणि सूर्य मावळल्यावर जमीन गार पडते, वर हवा गरम राहते, त्यामुळे आवाज वाकून खाली येतो आणि लांबवर पोचतो. आवाजाची पातळी दुपारी नाही, हरिपाठाच्या वेळी दवाखान्याच्या दारात उभं राहून ठरवा.

पूर्णाकाठ (परभणी)

पॅनेल तयार झालं. दोन अडचणी आहेत. एक, पॅनेलच्या समोरून बाजूला सरकलं की आवाज जातो, पण आणखी सरकल्यावर ३२-३५ अंशांच्या सुमारास पुन्हा हलका ऐकू येतो. दोन, मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर आवाज कानापेक्षा कितीतरी मोठा आणि स्पष्ट येतो. कोणावर विश्वास ठेवायचा?

दुधना (जालना)

कानावर. मोबाइलच्या माइकमध्ये ४० किलोहर्ट्झ एवढं जोरात घुसतं की आवाजाचा सुटा भाग माइकच्या आतच तयार होतो. तो हवेतला आवाज नाही. माइकवर पातळ पॉलिथीन ताणून लावा. ते ४० किलोहर्ट्झ बरंच परतवतं, श्राव्य आवाज जवळजवळ तसाच जातो. मग जे उरेल ते खरं.

३२-३५ अंशांचा दुसरा झोत हा डब्यांच्या अंतराचा आहे. १६.५ मिमी म्हणजे जवळपास दोन तरंगलांबी. तेवढ्या विरळ मांडणीत बाजूच्या एका दिशेलाही सगळ्या लाटा जुळून येतात. पोळ्याच्या मांडणीत ओळींमधलं अंतर १४.३ मिमी. ८.६६ भागिले १४.३, त्याचा उलट साइन, ३७ अंश. डबीच्या स्वतःच्या दिशेमुळे तो थोडा आत सरकलेला दिसतो. १० मिमीच्या डब्या लावल्या तर तो बराच बाहेर जातो आणि डबीच्या स्वतःच्या दिशेमुळे मरतो. १६ मिमीच ठेवायच्या असतील तर पॅनेलच्या दोन्ही बाजूंना जाड फेल्टच्या पट्ट्या उभ्या करा. मंडपाची कनातही चालेल, घडी घालून.

जवळून दाखवायचं तर ऐकणारा निदान ६५ सेंमी लांब हवा, त्याआधी झोत तयारच झालेला नसतो. जास्त जवळ यायचंही नाही. पॅनेलच्या पुढ्यात ४० किलोहर्ट्झची पातळी १२० डेसिबलच्या पुढे जाऊ शकते. ऐकू येत नाही म्हणून ती कानाला चालते असं नाही. ऐकणाऱ्याला ३ ते ४ मीटरवर उभं करा, अर्धा मिनिट पुरे. कॅम्पसातली कुत्री ४० किलोहर्ट्झ ऐकतात, दार लावून घ्या. आणि झोत थेट माणसावर न टाकता प्लायवूडच्या फळीवरून वळवून दाखवा, टॉर्च आरशावर मारल्यासारखा. फळी हलवली की आवाज खोलीत फिरतो. लेझरच्या शेजारी हे ठेवलं तर काही समजावून सांगायलाच लागत नाही.

तरंगवेडा

वेळ उरला तर आवाज नाभीवर आणायचंही करून बघा. ३०० मिमीवर एकत्र यायला मधल्या डबीचा रस्ता ३००, कडेच्या डबीचा, म्हणजे ६६ मिमी लांबच्या, ३०७.१७. फरक ७.१७ मिमी, वेळ २०.७ मायक्रोसेकंद, एका आवर्तनाचे २९८ अंश. मधल्याला तेवढा उशीर द्यायचा, कडेच्याला शून्य. ठिपका १७ मिमी रुंद होतो. हवेचं तापमान ४२ झालं तरी हा कोन २८९ होतो, म्हणजे नाभी फार हलत नाही. हलतो तो डब्यांचा अनुनाद, म्हणून प्रीसेट दुपारी पुन्हा जुळवा. प्रत्येक वलयाला वेगळा उशीर द्यायला पाच चॅनल लागतात. ते नको असेल तर ३०० मिमी वक्रतेच्या वाडग्यासारख्या पृष्ठभागावर डब्या चिकटवा, काहीच इलेक्ट्रॉनिक्स नको.

पूर्णाकाठ (परभणी)

फेल्ट लावल्यावर बाजूचा झोत जवळपास गेला. लेझरचा भागही जुळला, मधल्या ठिपक्याचा व्यास पूर्ण ३० सेंमीत ५० ते ५३ मायक्रॉनच राहतो. पण आवाजाच्या पॅनेलचं २ मीटरवर ग्राहक डबीने मोजमाप घेतलं, तर बरोबर मध्यभागी खड्डा येतो आणि दोन्ही बाजूंना ९-१० सेंमीवर दोन शिखरं. डब्या सगळ्या तपासून लावल्या आहेत.

कथील

डब्या ठीक असतील, गट उलटे आहेत. निम्मं पॅनेल उलट्या फेजमध्ये असलं की मध्यावर ३० विरुद्ध ३१ अशी बेरीज होते आणि जवळपास शून्य उरतं. शिखरं २ मीटरवर ९-१० सेंमीला येणं हे त्याचंच लक्षण आहे. एखादी डबी उलटी असती तर मध्यावर फक्त ३ टक्के फरक पडला असता, खड्डा पडला नसता. सहा रोधकांपैकी एका बाजूच्या तिघांच्या गटांत लाल ठिपक्याऐवजी दुसरा पाय गेलाय. पहिला गट एकटाच चालू ठेवा, बाकीचे एकेक करून त्याच्यासोबत जोडा आणि मध्यावरचा आकडा बघा : गट जोडल्यावर आकडा वाढला तर तो पहिल्यासोबत आहे, घटला तर तो उलटा.

पूर्णाकाठ (परभणी)

चौथा, पाचवा आणि सहावा गट उलटे निघाले. तारा बदलल्या. आता शिखर एकच, बरोबर मध्यावर, आणि ८ सेंमी बाजूला गेलं की निम्म्याच्या जवळ येतं. पट्टीवर डाव्या-उजव्या बाजूचे आकडे मुलं आलेखावर मांडत आहेत.